मातीत गेलेलं दूध

श्रोतेहो, पूर्णेच्या काठी बोरखेडी नावाचं गाव आहे. एका चातुर्मासात केवलपुरी महाराज तिथल्या मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. दिवस कलला की कीर्तन उभं राही. महाराजांचा आवाज काही गोड नव्हता, चांगला फुटका होता. पण ‘देवा’ म्हणून त्यांनी हाक घातली की ऐकणारा हातातलं काम टाकून देवळाकडे वळे.

कोंडाई कुंभारीण त्या कीर्तनाला पायरीखाली बसे. वर बसायची तिला सोय नव्हती. महाराज येण्याच्या थोडंच आधी तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच जन्मलं आणि थोड्या दिवसांत गेलं. तेव्हापासून यमुनाक्का देशमुखीण ती दिसली की पदर सावरून म्हणे, “पोटचं पोर राखता आलं नाही, अन् देवाला आळवायला पुढं. सरक तिकडं, कोंडे.”

कोंडाई सरके. खरं तर ह्याच अक्कांनी तिला बाळंतपणात सांगावा धाडला होता : पहिलं दूध पिवळं, ते बाधतं, मातीत पिळून टाक; पोराला मध चाटव, गाईचं दूध पाज. सगळा गाव तसंच करी, कोंडाईनंही केलं. लेकराचं पोट फुगलं, ते गेलं. मग ती छाती कापडानं आवळून बांधू लागली. हळूहळू दूध आटलं.

पुढं अक्कांचीच सून सातव्या महिन्यात बाळंत झाली. एके दिवशी कीर्तन ऐन रंगात असताना अक्का देवळात शिरल्या. हातात सूप, सुपात कापूस, कापसात मूठभर जीव.

“महाराज, अंगारा द्या. सून तापानं फणफणलीय, तिला दूध नाही. ह्याला गाईचं पचेना, हिरवं ओकतोय.”

महाराजांनी चिपळ्या खाली ठेवल्या. “सुनेला पहिलं दूध आलं होतं ना?”

“आलं होतं. रीतीप्रमाणं पिळून टाकलं.”

महाराजांनी डोळे मिटले. “अक्का, देवानं ताट वाढून पाठवलं, ते तुम्ही मातीत पालथं केलं. एवढ्या कच्च्या जिवाला गाईचं दूध जड जातं. त्याला माणसाचंच दूध हवं. आईचं नसेल, तर दुसऱ्या आईचं.” मग ते पायरीकडे बघून म्हणाले, “कोंडाई, वर ये, माय.”

“हिचं?” अक्का म्हणाल्या. “हिनं तर स्वतःचं…”

“बोला ना पुढं,” महाराज म्हणाले. अक्कांनी सूप खाली टेकवलं.

कोंडाई वर आली, पण खांबाशीच थांबली. “मी कोरडी झाले, महाराज. आणि माझ्या लेकराच्या वेळी हे मला कुणी का नाही सांगितलं? तुम्ही का नाही आलात तेव्हा?”

टाळकरी खाली बघू लागले. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला यायला उशीर झाला, माय. तू नाही म्हणालीस तरी तुला बोल लावणार नाही.”

कोंडाईनं सुपात पाहिलं. लेकराचं तोंड उघडत होतं, आवाज मात्र निघत नव्हता. तिचं लेकरूही असंच करायचं. तिनं कापूस बाजूला सारला, ते गार अंग उघड्या छातीशी धरलं आणि वरून पदर घेतला. महाराज नाम घेऊ लागले. त्या फुटक्या आवाजामागं सगळं देऊळ गाऊ लागलं. कोंडाईच्या छातीत कळ आली, आणि आटलेल्या त्या माउलीला पान्हा फुटला!

लेकराला ओढायचं बळ नव्हतं. तिनं वाटीत दूध पिळलं आणि कापसाच्या वातीनं थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडलं. ते ओकलं नाही.

सून काही त्या तापातून उठली नाही. लेकरू मात्र कोंडाईच्या छातीशी ऊब घेत, तिच्या दुधावर तगलं, अंग धरू लागलं.

तेव्हा यमुनाक्का देवळात आल्या आणि महाराजांपुढे वाकल्या. महाराज मागं सरले. “इथं नको, अक्का.”

अक्का वळल्या. खांबाशी कोंडाई लेकरू घेऊन बसली होती. अक्कांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. “तुझंही जगलं असतं गं. मीच सांगावा धाडला होता,” म्हणत त्या हुंदके देऊ लागल्या.

कोंडाईनं लेकरावरचा पदर नीट केला.

“हळू, अक्का,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”