'जा' म्हटलं, 'ये' राहिलं

दुपारचे बरोबर सव्वातीन वाजले होते, तेव्हा हे सुरू झालं.

एका गावात देवळामागच्या ओट्यावर लेकुरवाळ्या बाया जमायच्या. एकेकीनं स्वतः रचलेली अंगाई म्हणायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि शेवटी "गोड गं बाई, गोड" म्हणायचं, असा तिथला रिवाज.

भिवरा नावाच्या बाईनं एकदा हौसाला सांगितलं होतं, की तुझी दुसरी ओळ अडखळते. हौसा फणकारली, "आली मोठी शाहिरीण! आधी स्वतःचं पोरगं गप कर." सगळ्या हसल्या. तेव्हापासून भिवराही नुसतं "गोड" म्हणू लागली.

त्या दुपारी हौसानं आपल्या तान्ह्या मंजीसाठी नवी अंगाई म्हटली:

जा गं मंजे निजगावा, वाट चांदण्याची मोठी,
तिथं झुला तुझ्यासाठी, दूध-साखरेची वाटी.

गाणं संपायच्या आत मंजी झोपली. "गोड गं बाई, गोड!" भिवराला मात्र खटकलं. घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. या गाण्यात नुसतंच 'जा' होतं. पण ती बोलली नाही.

मंजी दिवेलागणीला उठली. दुसऱ्या दिवशी हौसानं तेच गाणं म्हटलं, तर पार उजाडल्यावर उठली. "गुणाची गं पोर," बाया म्हणाल्या. पुढच्या खेपेला ती उठेचना. हौसा तिला तशीच उचलून ओट्यावर घेऊन आली. हलवलं, डोळ्यांना पाणी लावलं. श्वास चालू होता, पण लांबून आल्यासारखा.

भिवरानं दुपटं सारलं. ज्या पोरीला अजून बसताही येत नव्हतं, तिचे तळपाय धुळीनं माखलेले होते.



"हौसा, तुझ्या गाण्यात 'जा' आहे, 'ये' नाही," भिवरा म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझ्या तोंडाला भ्याले आणि गप बसले."

"गाण्याला नावं ठेवतेस? आत्ता?" हौसा ओरडली.

तेवढ्यात मंजीचा पाय हलला. झोपेतच. पुढचं पाऊल टाकल्यासारखा.

हौसानं तो पाय घट्ट धरला. "चुकलं गं माझं. तूच नीट कर की ते."

"माझ्या हाकेला ती नाही यायची, बाई. गाणं तुझं आहे. तूच बोलव."

हौसानं रडत रडत जोडलं:

ये गं मंजे परतुनी, उन्हं आली अंगणात,
आई दारी उभी तुझी, नवं झबलं हातात.

मंजीनं डोळे उघडले. मूठ सैल केली, कुणाचं तरी बोट सोडावं तशी. वारा नव्हता, तरी ओट्यापलीकडच्या रिकाम्या वाटेवर धूळ उठली आणि हळूहळू लांब गेली.

तात्पर्य: मैत्रिणीच्या गाण्यात खटकलं ते तिला वेळेवर सांगावं, आणि सांगणारीवर न चिडता आपलं गाणं आपणच सुधारावं, तोंडदेखल्या 'गोड'नं कुणाचं भलं होत नाही. तुमच्या ओळखीत कुणी गाणं रचत असेल, तर तिला एवढं नक्की सांगा, आणि तिनं पुढचीला सांगावं.