माकडाचे मनोरे

एका डोंगरावरच्या जंगलात एक माकड राहत असे. त्याचे हात, मुलांनो, घटकाभरही स्वस्थ बसत नसत. त्या डोंगरावर जनावरांची एक जुनी रीत होती. जिथे दोन वाटा फुटत, तिथे खऱ्या वाटेच्या तोंडाशी दगडावर दगड रचून खूण केलेली असे. नवखा प्राणी ती खूण बघून निर्धास्तपणे चालत राही.

एकदा माकड आणि साळिंदर माथ्यावरची करवंदे खायला निघाले. सशीणही पिल्लांना घेऊन मागाहून येणार होती. वाटेत ते दगड पाहून माकड हरखूनच गेले! दिसेल तिथे बसून ते मनोरे रचू लागले. एक झाडाखाली, एक ओढ्याकाठी आणि एक तर थेट कड्याच्या टोकाला. साळिंदर म्हणाले, "अहो माकडराव, ही वाटेची खूण आहे, खेळणं नव्हे. पाडा बरं ते!" माकड म्हणाले, "असू द्या हो! आपण इथं येऊन गेलो हे चार जणांना कळायला नको?" आणि त्याने आणखी एक मनोरा रचला. अशांना काय सांगणार, सांगा!

पोटभर करवंदे खाऊन दोघे परत निघाले, तोच दाट धुके उतरले. "तुमच्या चालीनं घरी पोचायला उद्या उजाडेल," असे म्हणत माकड एकटेच पुढे पळाले. समोर दगडांची खूण दिसली. "हीच वाट!" म्हणून ते वळले, तर पुढे दुसरी खूण आणि त्यापुढे तिसरी. यातली जुनी कोणती आणि आपली कोणती, हे त्याला काही केल्या आठवेना. तिसरी खूण ओलांडली मात्र, पायाखालची जमीनच संपली! नशीब म्हणून करवंदीची एक फांदी हाती लागली. माकड झाले म्हणून काय झाले, पुढची फांदी दिसायला तर हवी! बिचारे जाम घाबरले. खाली खोल दरी होती आणि फांदी कडकड वाजत होती. ते जीव खाऊन ओरडले, "धावा, धावा! मी करवंदीला लोंबकळतोय! कोण शहाणा इथं खूण रचून गेला?"

मळलेली वाट हुंगत येणारे साळिंदर जागीच थांबले. "तो शहाणा आत्ता करवंदीला लोंबकळतोय," ते म्हणाले, "पण घाबरू नका. माझ्या काट्यांचा आवाज येतोय ना? त्या रोखानं चढा." त्याने अंगावरचे काटे खडखड वाजवले. त्या आवाजाच्या आधाराने माकड चाचपडत वर आले आणि साळिंदराच्या गळ्यातच पडणार होते, पण काटे पाहून थांबले.

धुके विरताच माकड म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मागून सशीण पिल्लांना घेऊन येणार आहे, त्याआधी मला वर जायला हवं." आणि वाटा फुटतात तिथल्या जुन्या खुणा तेवढ्या राखून, आपला एकेक मनोरा पाडत, दगड जिथले तिथे ठेवत ते पुन्हा डोंगर चढू लागले.

तात्पर्य : रानात आपण येऊन गेलो हे मागून येणाऱ्याला कळलेही नाही, तरच आपण नीट येऊन गेलो असे समजावे.