धुऊन आणलेली पिकअप

खूप जुनी गोष्ट आहे, मुलांनो आणि मुलांच्या आजोबांनो. डोंगरातल्या एका कुंभारांच्या गावात एकच गाडी होती, तीही खिळखिळी झालेली पिकअप. बाजाराच्या दिवशी ती मडकी आणि माणसं घेऊन घाट उतरायची.

त्या गावाची एक रीत होती. कारागिराच्या दारी मळकी वस्तू न्यायची नाही. म्हणून बाजाराच्या आदल्या सकाळी ड्रायव्हरने पिकअप रिकामी केली, खालून-वरून धुतली, सांध्यासांध्यात ग्रीस भरलं आणि मग म्हाताऱ्या मिस्त्रीच्या दारात उभी केली.

"अप्पा, चार दिवस झाले, हिच्या पोटाखाली खटखट वाजतंय. उद्या मागे अकरा माणसं बसणार. माझी बायकोसुद्धा."

मिस्त्रीने गाडी फिरवून आणली. एकदा, दोनदा. आवाज आलाच नाही.

म्हातारा मनातून चरकला. यंत्रांवरचे मिळतील ते सगळे ग्रंथ त्याने वाचले होते. पण कानच गेले असतील तर ग्रंथांचं काय करायचं? 'आवाज नाही, म्हणजे गाडी ठीक,' एवढं म्हटलं की सुटका होती. शब्द ओठांवर आलेही. मग त्याला ती अकरा माणसं आणि घाटाची वळणं दिसली.

"मला काही ऐकू आलं नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "पण गाडी चांगली आहे, असंही मी म्हणणार नाही."

"घ्या! कपाटभर पुस्तकं, आणि एक खटखट सापडेना?"

"नाही सापडत, बाबा. तू घाटात नेतोस तशीच घेऊन ये. ओझ्यासकट. चिखलात माखली तरी चालेल."

"आणि लोक काय म्हणतील?"

"मला बहिरा म्हणतील. म्हणू देत."

माणसांऐवजी ओल्या मातीची पोती भरली. मिस्त्री मागे फळीला कान लावून आडवा झाला. गाडी चढाला लागली. जोर दिला की खट्! जोर सोडला की खट्! गाडी उभी करून इंजिन कितीही रेटलं, तरी मात्र चिडीचूप.

"इंजिन नव्हे!" तो ओरडला. "चाकांना जोर पोचवणारा शाफ्ट!"

खाली शिरून त्याने शाफ्टचा सांधा धरला. तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. उघडून पाहिला, तर आतल्या बारीक सळ्यांचा भुगा झालेला.

"हाच तांबूस भुगा बाहेर आला असणार, तो तू धुऊन टाकलास," म्हातारा हळूच म्हणाला. "आणि आवाज ग्रीसखाली दडपलास. तुझी चूक नाही रे. रीतच तशी."

ड्रायव्हरने तो भुगा बोटांवर घेऊन पाहिला. "अप्पा, उतारावर तुटला असता तर?"

मिस्त्रीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो बाजार हुकला. कुंभारांनी दोघांनाही चार शब्द सुनावले. पण पुढच्या बाजाराला, नवा सांधा बसवलेल्या त्या पिकअपमधून अकराच्या अकरा माणसं घाट उतरली आणि संध्याकाळी जेवायला घरी परतली.

तात्पर्य : ज्याला 'मला कळलं नाही' असं म्हणता येतं, त्याच्याच हाती आपला जीव द्यावा.