अर्धा कोयता

“दोनशे सहा बायका, आक्का! दोनशे सहाजणी एकसारखं खोटं कशा बोलतील?”

आपल्या कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर, तीन दगडांच्या चुलीवर सोजरआक्का वाटीत तेल कोमट करत होती. ऊसतोडीच्या टोळीची ही म्हातारी सुईण. किती लेकरं तिच्या हातावर जन्मली, देव जाणे. आता ऊस तोडवत नव्हता, म्हणून दुपारी बायकांच्या पाठी चोळायची.

समोर बसलेली डॉ. यामिनी चौबळ शहरातली संशोधक. रोजगारासाठी गाव सोडणाऱ्या बायकांचं आरोग्य आणि नवऱ्याची मारहाण, हा तिचा विषय. प्रश्नावली तिनं स्वतः तयार केली होती, परिषदांमध्ये तिची वाहवा झाली होती. आणि या फडावर ‘नवरा मारतो का?’ या प्रश्नाला एकूणएक बायकांनी ‘नाही’ म्हणून तिची पार फजिती केली होती.

पण खरं सांगायचं तर आज बाई त्यासाठी आलीच नव्हती.

“मंदोदरी दिसत नाही कुठे?” तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“न्हाई दिसत.”

“गेली का?”

“टोळी म्हणती, गेली.”

चार दिवसांपूर्वी प्रश्न विचारल्यापासून ती पोर यामिनीच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती. विशीतली असेल. दंड काळानिळा. ‘मोळी पडली,’ म्हणाली होती.

“तू तिला इचारलंस कसं?”

“नियमानं. एकटीला बाजूला नेऊन. ट्रॉलीच्या मागं, कुणी ऐकू नये म्हणून.”

आक्का खो खो हसली. “एकटीला! अगं माझे आई, हितं नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या लेखी बाई म्हंजी अर्धा कोयता. एकटी बाई तुला घावली कुठनं?”

“तसं नाही, आक्का. कुणी ऐकलं नाही.”

“ऐकलं न्हाई. बघितलं समद्यांनी. सांजच्याला दादला म्हणला, त्या बाईला काय सांगितलंस?”

“पण तिनं काहीच सांगितलं नव्हतं!”

“तीबी तेच म्हणत हुती.”

...

“मग?”

“त्याला पटलं न्हाई.”

यामिनीच्या मांडीवरचे कागद घसरले. उचलायचं तिला सुचलं नाही. आपण नियम पाळला आणि मार तिनं खाल्ला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

“सरक हिकडं,” आक्का म्हणाली. “पाठ कर माझ्याकडं.”

ती मुकाट्यानं सरकली. टाळूवर कोमट तेल पडलं. खरबरीत बोटं केसांतून फिरू लागली. आई गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, तिच्या डोक्याला कुणी तेल लावलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना तेवढी सवड कुठली!

आक्का काही विचारेना. बोटं तेवढी फिरत होती.

...

“आक्का, मी कागद मिटला ना, तेव्हा ती म्हणाली होती, ‘ताई, जरा बसता का?’”

“हं.”

“अजून पाच बायका राहिल्या होत्या. मी म्हटलं, येते हं परत... आणि उठले.”

मग मात्र तिला रडू आवरेना. नाक पुसायचंही भान राहिलं नाही. “एकदा भेटू दे हो मला ती. काही विचारायचं नाही मला. नुसतं बसायचंय तिच्यापाशी. तेवढंच राहून गेलंय.”

आक्काचा हात थांबला. तिनं फडाकडे एक नजर टाकली. माणसं लांब, पार बांधापलीकडे होती.

“तुझी गाडी कुठंय?”

“तिकडे, रस्त्यावर.”

“तिचा दादला तिला हुडकत तिच्या माहेरला गेलाय. सांजच्याला येतोय माघारी. त्याच्या आत दोघी निघा.”

एवढं बोलून आक्कानं कोपीच्या दाराचं पोतं बाजूला केलं.

आत अंधार होता. हळूहळू दिसायला लागलं. गोधडीवर कुणीतरी पालथं निजलं होतं, तोंड पलीकडे करून. पाठ उघडी, वळांनी सुजलेली. त्या पाठीकडे बघत यामिनी दारातच थांबली. चार दिवस मंदोदरीचा ध्यास लागून राहिला होता, आणि आता दोन पावलं टाकवेनात.

“आक्का...” ती मागं वळली. “काय विचारू हिला?”

आक्कानं तिचा तळवा धरला, वाटीतलं उरलेलं तेल त्यात ओतलं.

“तू कशापायी इचारतीस? चार दिस झालं, तीच मला इचारतीय, ‘ताई परत आल्या का?’ जा... जबाब दे.”