तळहातावरचं अंगण

"...मग कुठली बॉडी घेऊ, चाचा? सांगा ना."

विक्रांत लोहारने हे विचारलं तेव्हा नजीरचाचा अंगणात गोधडी अंथरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ते मागनं विचार. आधी त्या टोकाला धर."

विक्रांतने टोक धरलं. लग्नाचे फोटो काढणारा कऱ्हाडातला नावाजलेला माणूस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हातात गोधडीचं टोक! पण चाचांनी धर म्हटलं की धरायचं, ही सवय जुनी होती. फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हापासून त्याने चाचांच्या स्टुडिओत उमेदवारी केली होती.

चाचांनी डबा उघडला आणि आपल्या लेन्स गोधडीवर तिरप्या मांडल्या. शेजारच्या बाजेवर चाचींनी शेवया वाळत घातल्या होत्या. लेन्सला ऊन दाखवलं नाही तर आत बुरशी धरते, म्हणून स्वच्छ ऊन पडलं की चाचांचा हा कार्यक्रम ठरलेला. स्टुडिओ बंद झाला, त्या जागी मोबाइलचं दुकान आलं, तरी तो काही सुटला नाही.

"चाचा, ऐकताय ना?"

"ऐकतोय की. बोल."

मग काय, विक्रांत सुटलाच. त्याच्या लेन्स ठणठणीत होत्या, पण ज्याला त्या लावायच्या ती कॅमेऱ्याची बॉडी दमली होती. मांडवात उजेड कमी झाला की फोटो रवाळ येत. परवाच्या लग्नात तर नवरीच्या मामाने सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, हा कॅमेरा कुठल्या म्युझियममधून उचलला?" अख्खा मांडव हसला. ते हसू विक्रांतच्या कानातून जात नव्हतं.

"त्याच कंपनीची वापरलेली बॉडी मिळत न्हाय का?" चाचांनी विचारलं. "तुझ्या सगळ्या लेन्स बसतील तिला."

"मिळते. आवाक्यातही आहे."

"मग घोडं कुठं अडलं?"

"वापरलेली ती वापरलेलीच, चाचा. लोक पुन्हा हसतील. मला दुसऱ्या कंपनीची नवीकोरी घ्यायचीय. तिला माझ्या लेन्स बसत नाहीत. आणि तेवढे पैसेही नाहीत. म्हणून..."

तो अडखळला.

"म्हणून लेन्स विकतोय. कोल्हापूरचा एक जण घेतोय. आत्ता फोन येईल त्याचा. मी हो म्हटलं की झालं."

चाचा शेवयांवरच्या माश्या हाकलत होते.

"सगळ्या?"

"सगळ्या... तुमची पण."

खरं म्हणजे हे सांगायलाच तो आला होता. बॉडी कुठली घ्यायची ते त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. विचारणं हे आपलं निमित्त.

ती लेन्स चाचांनी त्याला दिली होती, तो स्वतःचं दुकान थाटायला निघाला त्या दिवशी. हार नाही, नारळ नाही. स्वतःच्या कॅमेऱ्याची काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. तेव्हाच तिच्या कडांचा काळा रंग जाऊन पितळ दिसत होतं. कऱ्हाडातली किती माणसं तिच्यापुढे नटूनथटून बसून गेली असतील, देव जाणे.

"वीक की," चाचा म्हणाले.

"रागावलात?"

"कशाला रागावू? तुला दिली, तुझी झाली."

आता गंमत बघा. चाचा नको म्हणाले असते तर विक्रांतला राग आला असता. ते वीक म्हणाले, तर त्याला रडू यायला लागलं. अशा माणसाचं करायचं तरी काय!

तो खाली बघत बसला. समोर गोधडी होती, आणि गोधडीवर एक हिरवं ठिगळ. ते ठिगळ त्याने ओळखलं.

त्याचाच प्रताप होता तो. स्टुडिओत लागून फार दिवस झाले नव्हते. तिरपी ठेव म्हणून सांगितलेली लेन्स त्याने विटांच्या आधाराने सरळ सूर्याकडे तोंड करून ठेवली आणि चहा प्यायला आत गेला. बाहेर येऊन बघतो तर गोधडीतून धूर! चाचींनी कळशी उपडी केली म्हणून थोडक्यात निभावलं. आता आपली हकालपट्टी, असं धरूनच तो चालला होता. चाचा मात्र पोट धरधरून हसले होते.

सगळं एकदम आठवलं त्याला. भिंतीवरचा तो रंगवलेला पडदा, त्यावरचं तळं आणि तळ्यातले फुगलेले हंस. आरशाखालचा कंगवा आणि पावडरचा डबा. चाचांचं ते "हनुवटी खाली... आता हलू नका." आतल्या खोलीतला तांबडा दिवा, आणि ट्रेमधल्या पाण्यात कोऱ्या कागदावर हळूहळू उमटणारा कुणाचा तरी चेहरा. पहिल्यांदा तो चेहरा उमटताना बघून त्याला रात्रभर झोप लागली नव्हती. किती चांगले दिवस होते ते! आणि तेव्हा कळलंही नाही.

"ती गोधडी जळली तवा," चाचांनी विचारलं, "लेन्स कॅमेऱ्याला लावली हुतीस का रे?"

"नाही. मोकळीच होती."

"मोकळीच. बॉडीबिगर..."

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आण ती. माझी... तुझी लेन्स. आत चल."

विक्रांतने बॅगेतून लेन्स काढून त्यांच्या हातात दिली. आत चाचांनी खिडकी लावली, दार ओढून घेतलं. खोलीत अंधार झाला. दाराला लेन्सपुरती फट ठेवून त्यांनी दाराच्या कडेशी लेन्स टेकवून धरली, तोंड अंगणाकडे.

"हात पुढं कर. लेन्सच्या मागं. चार बोटं अंतर ठेव."

"चाचा, हे काय..."

"कर म्हणतो ना."

विक्रांतने तळहात धरला. हातावर नुसता उजेडाचा डाग पडला.

"जरा मागं घे. आणखी थोडा... बास."

डाग निवळला.

तळहातावर अंगण उतरलं होतं. उलटं, पण अख्खं. खाली आभाळ, वर जमीन. बाज होती, बाजेवरच्या शेवया होत्या. निळ्या साडीतल्या चाची होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या वाकून शेवया उलटत होत्या, आणि त्याच्या हातावर त्यांचा पदर वाऱ्याने हलत होता.

विक्रांतने श्वास धरला.

या चाचींनी त्याला घासातला घास दिला होता. आई गेली त्या साली ईदला त्यालाही नवा शर्ट शिवला होता. त्यांच्या हातचं खाऊन तो मोठा झाला आणि त्यांना असं डोळे भरून त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

हात जरा कापला. चाची पुसट झाल्या. त्याने दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरलं. चाची परत आल्या.

"अरे विक्रांत," बाहेरून हाक आली, "शेवया खाल्ल्याबिगर जाऊ नको हां!"

तळहातावर चाचींनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला.

विक्रांत हलला नाही.

"फोन वाजतोय," चाचा म्हणाले.

"वाजू दे."

"कोल्हापूरचा असंल. घे की."

"हात हलेल, चाचा."

फोन वाजत राहिला... वाजत राहिला... आणि थांबला. अंगणात चाची बाजेच्या कडेला टेकल्या. विक्रांतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही त्याने हात काढला नाही.

चाचा अंधारात हळूच हसले.

"हं... आता विचार, कुठली बॉडी घेऊ ते."