राईचा भांग

चपला इथेच देवळाच्या अंगणात काढा आणि जरा मान वर करून बघा. डोंगराच्या कुशीत ती देवाची गर्द राई दिसते ना, तिच्या बरोबर मधोमध एक मोकळा पट्टा आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वीस हात रुंद. फणीने केस दोन बाजूंना सारावेत तसा. आम्ही आसखोलचे लोक त्याला राईचा भांग म्हणतो. तुम्ही नशीबवान, नेमके आजच आलात. आज माघी पौर्णिमा. खाली ढोल लागला की सारा गाव कोयते घेऊन वर येईल, आणि ज्या राईतून वर्षभर वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, त्या राईत आज कोयते चालतील. साठी उलटली माझी, तरी या दिवशी सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. मी इथला गुरव. ढोल लागला की मला उभं राहायला फुरसत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

गोष्ट फार जुनी. किती जुनी ते विचारू नका, आमच्याकडे तारखा कुणी ठेवल्या नाहीत. त्या काळी आसखोलात कौलाशिवाय पान हलत नसे, असं सांगतात. कौल म्हणजे काय, तर आमचा देव गांगो, त्याच्या पाषाणाला गुरव उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा फुलाच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवतो. गाव प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आणि दोन्ही राहिल्या, तर देव विचार करतोय. तोपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

पेरणी कधी करायची, कौल. मुलगी कुठे द्यायची, कौल. बारशाला नाव कोणतं, सुतकात चूल किती दिवस बंद, नवं भात कुठल्या दिवशी रांधायचं, म्हशीचं पहिलं दूध कुणाच्या हातून देवाला जायचं, सगळं कौलावर. घराला नवं गवत घालायचं तरी माणूस आधी इथे येऊन हात जोडायचा. फक्त सासू-सुनेचं भांडण तेवढं कौलाशिवाय चालायचं म्हणे.

या सगळ्या नेमांत दोन नेम सर्वांत कडक. देवाच्या कौलाला माणसाने हात लावायचा नाही, आणि कौल नसताना राईत लोखंड न्यायचं नाही. यातला एक जरी मोडला, तरी मोडणाऱ्याने दिवस मावळायच्या आत गावाची शीव ओलांडून जायचं. परत बोलवायचं झालं तर ते देवाने. आजवर देवाने कुणालाच परत बोलावलं नव्हतं, हेही सांगतात.

हे नेम सांभाळणारा गावकार होता साबाजी. गावाचा पहिला मानकरी. माणूस सरळ, पण सोट्यासारखा. एकदा त्याच्याच बैलाने राईच्या कडेचा पाला खाल्ला, तर त्याने बैलाला तीन दिवस शिवेबाहेर बांधून ठेवलं आणि स्वतः वैरण घेऊन रोज दोन कोस चालला. लोक पाठीमागे हसले, पण त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

आणि गुरव होता रवळू. तो आमचाच पूर्वज, तेव्हा इथून पुढे मी जरा खाली मान घालून सांगेन. रवळू देवभक्त होता, पोथीसारखा स्वच्छ होता, पण भित्रा. कौल चुकला तर खापर आपल्यावर फुटेल या धास्तीत त्याचा जन्म गेला. त्याच्या घरात सून होती आवडी. नवरा गलबतावर, कडेवर दोन वर्षांची मुलगी. देवळातलं तिचं काम एकच, उंबऱ्याबाहेर बसून देवाचं चंदन उगाळायचं. बायकांनी गाभाऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, हाही एक नेम होताच.

त्या वर्षी फाल्गुनात, शिमग्याच्या चार दिवस आधी, डोंगरमाथ्यावर वणवा लागला. गवत गुडघाभर वाळलेलं आणि वारा वरून खाली. दुपारपर्यंत आग उतारावर आली. मधे फक्त राई, आणि राईच्या पायथ्याशी गाव, सगळी घरं गवताने शाकारलेली. राईत शंभर वर्षांचा पालापाचोळा साचलेला, कारण पाला झाडायचीही बंदी. आग राईत शिरली की गाव गेलाच. वाचायचा मार्ग एकच होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता. राईच्या मधोमध आडवा पट्टा तोडायचा, पाला झाडून जमीन उघडी करायची, म्हणजे आगीला पुढे यायला काही उरणार नाही.

घरटी माणूस कोयता घेऊन या अंगणात आला. आणि साबाजी राईच्या वाटेवर हात आडवा धरून उभा राहिला. कौल झाल्याशिवाय राईत लोखंड जाणार नाही, म्हणाला. तुम्हाला नवल वाटेल, पण एकानेही त्याचा हात बाजूला केला नाही. त्यांनाही ते बरोबरच वाटत होतं. डोंगर जळत असताना शेसव्वाशे माणसं कोयते खाली ठेवून अंगणात बसली.

रवळू गाभाऱ्यात गेला. डावी पडली तर गाव जळेल आणि उजवी पडली तर राई तुटेल, दोन्हीचा डाग गुरवाच्या घराला. त्याने सुनेकडून चंदन मागितलं. आवडीने वाटी उंबऱ्यावरून पुढे केली, आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की सासऱ्याने पाकळ्या पाण्याने लावल्याच नाहीत. दाट चंदनात बुडवून त्या अंगठ्याने पाषाणावर दाबून बसवल्या. देवाने हो म्हणू नये आणि नाहीही म्हणू नये, अशी त्याने तजवीज करून ठेवली. अशी चूक करायला आमच्या घराण्यातच जन्म घ्यावा लागतो.

साबाजीने, राई तोडू का, असं देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव पाकळ्यांकडे बघत बसला. पाकळ्या हलल्या नाहीत. धूर खाली उतरला, राईतली माकडं ओरडत गावात आली, गोठ्यातली गुरं दावी ओढू लागली, आणि माणसं बसलेलीच. देव विचार करतोय, असं एकमेकांना सांगत होती. आवडीच्या कडेवरची पोर खोकत होती.

तेवढ्यात आगीने राईच्या वरच्या कडेची पहिली झाडं धरली. मोठा आवाज झाला, आणि सगळे, साबाजी आणि रवळूसुद्धा, बघायला अंगणात धावले. गाभाऱ्यासमोर आवडी एकटी राहिली. ती उंबरा ओलांडून आत गेली. चार पावलं. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी तिने नखाने खरवडून काढली, देवाच्या पायाशी ठेवली, बाहेर आली आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "उजवी पडली."

मग काय सांगू! तो दिवस आमच्याकडे पोरं अजून खेळात खेळतात. साबाजी सर्वांत आधी धावला, कोयत्याचा पहिला घाव त्याचा. त्याच्या मागे सगळा गाव. पुरुष तोडतायत, बायका तोडलेलं ओढून खाली टाकतायत, म्हाताऱ्या खराट्यांनी पाला झाडतायत, पोरं ठिणग्या पडतील तिथे हिरव्या टहाळ्यांनी झोडपतायत. वरून आग येतेय आणि खालून माणसं. कुणाच्या भुवया जळल्या, कुणाचं लुगडं. सूर्य कलायच्या वेळी आग पट्ट्याच्या वरच्या काठाशी आली, तिने दोनचार ठिकाणी हात पसरून बघितले, आणि तिथेच बसली. वरची अर्धी राई होरपळली. खालची वाचली, गाव वाचला. माणसं काळ्या तोंडांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडली आणि हसली.

रवळूला मात्र सुनेच्या नखात चंदन दिसलं होतं. त्याने तांब्या उचलून तिच्या हातावर पाणी ओतलं. तिने नखं धुतली.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दिवाळी झाली आणि बंदरावरून एक लाकूडवखारीचा मालक गावात आला. राईतले जुने वृक्ष त्याच्या डोळ्यांत भरले. गलबतांना असलं लाकूड दुसरीकडे मिळत नव्हतं. झाडांच्या बदल्यात त्याने देवळाच्या छपरावर मातीची कौलं चढवून देण्याची बोली केली. साबाजी म्हणाला, राईत लोखंड जाणार नाही. त्यावर तो माणूस हसून म्हणाला की गेल्या साली तर गेलंच, देवाने स्वतः उजवा कौल देऊन नेलं. तो कौल देवाने परत घेतला आहे का? नेमाचा माणूस नेमातच अडकला. चारजण म्हणाले की बरोबर आहे, एकदा दिलेला कौल मोडता येत नाही. माघी पौर्णिमेला तोड सुरू करायची, असं ठरत आलं.

आवडी घरी चार दिवस जेवली नाही, असं सांगतात. गप्प राहिली तर तिचं घर राहत होतं आणि राई जात होती. बोलली तर उलट. नवरा दर्यावर, माहेरी कुणी नाही, आणि शिवेपलीकडे माळ संपला की आठ कोस नुसतं रान.

माघी पौर्णिमेला गाव याच अंगणात जमला. वखारवाल्याची माणसं कुऱ्हाडींना धार लावत बसली होती. आवडी मुलीला कडेवर घेऊन पुढे आली आणि तिने हात सगळ्यांसमोर धरला.

"देवान राय तोडूक सांगूक नाय. पाकळी पडूक नव्हती, मी काढलंय. ह्या हातान."

सासऱ्याने पाकळी चिकटवली होती, हे ती बोलली नाही. ते एक वाक्य बोलली असती तर अर्धा दोष तिच्यावरून उतरला असता. तिने ते गिळलं, आणि ती शिवेच्या वाटेला लागली. रवळू खांबाला धरून उभा होता. ती अंगणाबाहेर गेली तरी त्याने खांब सोडला नाही. आजही मला त्याचा राग येतो.

आता सगळे साबाजीकडे बघू लागले. मग त्याने डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला.

"मगे कौल नव्हतो. कौल नसताना राईत पयलो घाव माझो. नेम तिका येगळो नि माका येगळो, असां आमच्या गावात नाय."

आणि तो आवडीच्या मागून चालू लागला. घरी जाऊन घोंगडीसुद्धा घेतली नाही. मग ज्याने दुसरा घाव घातला होता तो उठला. मग तिसरा. कोयता ज्यांनी ज्यांनी धरला होता ती सगळी उठली, आणि कोयता धरला नव्हता असं होतं कोण? बायका म्हणाल्या, आम्ही ओढून टाकलं, आम्हीही त्यातच. तासाभरात चुली विझवून, गुरं सोडून, पोरं खांद्यावर घेऊन सगळा आसखोल शिवेच्या धोंड्यापलीकडे माळावर जाऊन बसला. वखारवाला रिकाम्या गावात उभा. बोली करायला माणूस नाही, वाट दाखवायला माणूस नाही, आणि जुना कौल तर खोटाच ठरला. त्याची माणसं देवाला घाबरून कुऱ्हाडी उचलून निघाली, त्यांच्यामागे तोही.

गावात उरला एकटा रवळू. त्या दिवशी तो देवाजवळ बसला होता, त्याने कोयता धरला नव्हता. गावाच्या लेखी तो निर्दोष. तीन दिवस तो निर्दोष माणूस त्या रिकाम्या गावात राहिला. एकाही घरातून धूर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो उठला, त्याने चंदनाची सहाण उचलून विहिरीत टाकली, आणि देवाला दोन पाकळ्या लावल्या, नुसत्या पाण्याने. गाव परत बोलावू का, एवढंच विचारलं. म्हणे त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

म्हातारा अनवाणी धावत सुटला. शेतं, व्हाळाचं पाणी, काटेकुटे, काही बघितलं नाही. "येवा रे सगळी! देवान बोलावल्यान!" ओरडत तो माळावर माणसांच्या मधोमध जाऊन पोचला. लोक उठले, पण त्याने हात जोडून त्यांना थांबवलं.

"त्या दिसा पाकळी देवान धरूक नव्हती. मी चिकटवलंय, चंदनान. सुनेक ठावक होता."

कौलाला हात लावणाऱ्याने शीव ओलांडायची, हा नेम सगळ्यांच्याच ध्यानात होता. साबाजीने आधी म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहिलं, मग मागे राहिलेल्या शिवेच्या धोंड्याकडे.

"वलांडलंस मा शीव? मगे झाला. देवान सगळ्यांका बोलावल्यान, चल घराक."

माळावर जो हशा उठला तो डोंगरापर्यंत गेला म्हणतात. आवडीने सासऱ्याच्या पायातले काटे काढले, आणि सगळा गाव वाजतगाजत परत आला.

आजही आमच्या कौलाला चंदन लागत नाही, नुसतं पाणी. आजही माघी पौर्णिमेला, वणव्याचे दिवस लागायच्या आधी, कौल न लावता भांग साफ करतात आणि पहिला घाव बाईचा असतो. तुम्हालाही कोयता मिळेल, खुशाल धरा, पण मग सगळ्यांबरोबर शिवेबाहेर माळावर यावं लागेल, पाहुणे म्हणून सूट नाही. गुरव एकटा मागे राहतो, कौल लावतो, आणि उजवी पडली की धावत बोलवायला येतो. आणि आत येण्याआधी धोंड्यापलीकडे उभं राहून, गावासमोर, वर्षभरात स्वतः दडपलेली एक गोष्ट त्याने मोठ्याने सांगायची. त्याशिवाय कुणी उठत नाही.

सत्तावीस वर्षं मी सांगत आलोय, बहुतेक वेळा बारीकसारीक काहीतरी. यंदाची बारीक नाही. माझ्या सुनेला ती गणपतीपासून ठाऊक आहे, आणि तिने अजून कुणाला सांगितलेली नाही.

ऐका, ढोल लागला.