सूर धरणारा

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावच्या देवळात दोन सनईवाले होते. थोरला सनई वाजवी, धाकटा सूर धरी. सूर धरायचा म्हणजे गाणं संपेपर्यंत सुराच्या नळीतून एकच स्वर न तोडता फुंकत राहायचं. धाकट्यानं पाण्याच्या तांब्यात बोरूची नळी फुंकून फुंकून ते साधलं होतं. नाकानं श्वास घेतानाही त्याचे बुडबुडे थांबत नसत.

पण लोक माना डोलवीत त्या थोरल्याकडे बघून. प्रसादाचा नारळही त्याच्याच हाती पडे. धाकटा गाल फुगवून तिरक्या नजरेनं बघत राही.

देवळाच्या पायरीशी एक अत्तरवाला बसे. त्यानं ती नजर हेरली.

"काय रे फुग्या, दम तुझा नि नारळ त्याचा?"

"दादा वाजवतात छान," धाकटा म्हणाला.

"वाजवतो की. पाट तू मांडायचा, जेवायचं त्यानं."

असं रोज. अत्तराचा फाया कानात आणि एक बोलही कानात. धाकट्याला थोरल्याची वाहवा काट्यासारखी सलू लागली. पुढं पुढं तर थोरला खोकला तरी त्याला बरं वाटे. मग अत्तरवाल्यानं कुठूनशी एक सनई आणून दिली. धाकटा नदीकाठी चोरून थोरल्याची एक चाल घोटू लागला.

"पालखीच्या दिवशी वाजव," अत्तरवाला म्हणाला. "गाव तुला डोक्यावर घेईल."

पालखी निघाली. थोरला रंगात आला. ऐन वेळी धाकट्यानं सुराची नळी टाकली आणि कमरेची सनई काढून वाजवू लागला. दोन सनया एकमेकींत अडकल्या. भोई अडखळले.

थोरल्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग आपली सनई काखेत धरली, पडलेली नळी उचलून पुसली आणि धाकट्यासाठी सूर धरला.

धाकट्याची चाल दोन ओळींत संपली. पुढचं त्याला येतच नव्हतं. त्याची सनई थांबली. सगळ्यांत आधी हसला तो अत्तरवाला.

आता उरला नुसता सूर. त्या एका स्वरावर भोयांची पावलं जुळली नि पालखी देवळात पोचली. धाकटा मागं उभा राहून ऐकत होता. इतकी वर्षं त्यानं तो सूर फुंकला होता, पण लांबून कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो देवळात आला, तर थोरल्याशेजारी नवा माणूस बसलेला.

"दादा, चुकलो. सूर परत द्या."

"राग नाही रे बाळा," थोरला हळूच म्हणाला. "पण आता वाजवताना माझा जीव तुझ्याकडे लागेल, हा सूर सोडतो की काय म्हणून. अशा धास्तीत सनई वाजत नाही."

धाकटा पायरीवर जाऊन बसला. आत सनई सुरू झाली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाहवेकडे डोळे लावून बसणाऱ्याला आपल्या कामाची गोडी ऐकू येत नाही, आणि कान भरणारा वेळेला हसायला सगळ्यांत पुढं असतो.